गिझर टिकटिक करतो, पण पेटत नाही? काडी लावण्याआधी बिघाड कुठं आहे ते ओळखा

निफाड : डिसेंबर-जानेवारीत निफाड, दिंडोरी, सिन्नर, चांदवड पट्ट्यात पारा एकदम खाली येतो. द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. नेमकं त्याच दिवसांत घरातला गॅस गिझर पेटायला नाही म्हणतो. पहाटे मार्केटला कांद्याची गाडी न्यायची असते, पोरांची शाळा असते आणि बाथरूममधून नुसता टिकटिक आवाज येत राहतो.

पूर्वी दारापुढं बंब असायचा. सरपण घातलं, फुंकर मारली की काम भागायचं. आता वाड्या-वस्त्यांवरही गॅस गिझर आले. लाइट नसली तरी चालतो, नळ सोडला की गरम पाणी येतं, म्हणून लोकांनी ते आवडीनं बसवले. पण बंब डोळ्यांसमोर पेटायचा. गिझर पत्र्याच्या खोक्यात पेटतो, त्यामुळं आत काय बिघडलं ते कळत नाही. मग कुणी खोक्याला थापटतं, कुणी सेल चोळून पुन्हा घालतं, तर कुणी सरळ काडीपेटी हातात घेतं.

यातली शेवटची गोष्ट जिवावर बेतणारी आहे. मुळात गिझर पेटला नाही म्हणजे तो बिघडलाच असं नाही. बऱ्याच वेळा पाणी कमी पडत असतं, सेल उतरलेले असतात, किंवा काहीतरी धोका ओळखून गिझरनं स्वतःच गॅस बंद केलेला असतो. म्हणून आधी कारण शोधायचं आणि मगच हात लावायचा.

गिझर पेटतो कसा?

काडीपेटी नसताना गिझर कसा पेटतो हे एकदा समजलं की अर्धं काम झालं. ही पाच कड्यांची साखळी आहे.

पहिली कडी पाण्याची. नळ सोडला की पाणी गिझरमध्ये येतं आणि त्याच्या दाबानं आतला रबरी पडदा पुढं सरकतो. फिटर लोक त्याला डायफ्राम म्हणतात.

दुसरी कडी खटक्याची. पडदा सरकला की त्याला लावलेली पिन पुढं येते आणि एक छोटा स्विच दाबला किंवा सोडला जातो. तोच मायक्रोस्विच.

तिसरी कडी सेलची. टॉर्चमध्ये घालतात तसे दोन मोठे सेल खालच्या डबीत असतात. दीड-दीड व्होल्टचे दोन, म्हणजे तीन व्होल्ट. स्विच चालू झाला की कंट्रोल बॉक्सला करंट मिळतो. तो बर्नरजवळच्या पिनवर टिकटिक ठिणगी पाडतो आणि त्याच वेळी गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो.

चौथी कडी गॅसची. सिलिंडर, रेग्युलेटर, नळी असं करत गॅस बर्नरला येतो आणि ठिणगीवर पेटतो.

पाचवी कडी पहारेकऱ्याची. बर्नरजवळ आणखी एक पिन असते. ज्योत लागली की नाही, हे ती कंट्रोल बॉक्सला कळवते. काही सेकंदांत ज्योत दिसली नाही, तर बॉक्स गॅस आपोआप बंद करतो. न जळलेला गॅस बाथरूममध्ये साठू नये म्हणून ही सोय आहे.

कडी कुठं तुटली ते बहुतेक वेळा आवाजावरून कळतं.

नळ सोडला, पण टिकटिकच नाही

टिकटिक होत नसेल तर गॅसकडं बघायची गरज नाही. बिघाड पाण्यात, स्विचमध्ये किंवा सेलमध्ये आहे.

सगळ्यात आधी सेल बदला. दोन्ही एकदम बदला. एक जुना एक नवा असं करू नका. टीव्हीच्या रिमोटमधले किंवा घड्याळातले सेल यात चालत नाहीत, माप वेगळं असतं. सेल घालताना अधिक-उणे बघा. बाथरूमच्या ओलीमुळं डबीतल्या पत्र्याच्या पट्ट्यांवर हिरवट किंवा पांढरी पूड जमते. ती कोरड्या फडक्यानं किंवा पॉलिश पेपरनं घासून काढा. कडक थंडीत साधे सेल आणखी मंदावतात. म्हणून संध्याकाळी चाललेला गिझर पहाटे गप्प बसतो.

सेल चांगले असूनही आवाज नसेल तर पाणी तपासा. लहान गिझर पेटायला मिनिटाला साधारण दोन ते अडीच लिटर पाणी लागतं. हे घरीच मोजता येतं. गॅसचा रेग्युलेटर बंद करा, गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडा आणि खाली दहा लिटरची बादली ठेवा. बादली भरायला चार-पाच मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर पाणी कमी पडतंय असं समजा.

पाणी कमी पडण्याची कारणं आपल्याकडं ठरलेली आहेत.

पहिलं म्हणजे टाकीची उंची. पाण्याची पातळी गिझरपेक्षा दहा फूट उंच असेल तर दाब जेमतेम ०.३ बार मिळतो. बऱ्याच गिझरला पेटायला ०.२ ते ०.२५ बार लागतो. स्लॅबवर नुसती ठेवलेली टाकी आणि खाली भिंतीवर वर लटकवलेला गिझर यांत पाच-सहा फुटांचंच अंतर राहतं. टाकी भरलेली असताना गिझर पेटतो आणि अर्धी झाली की पेटत नाही, अशी तक्रार असेल तर कारण हेच. टाकीखाली ओटा बांधून ती वर घ्यावी लागते किंवा छोटा प्रेशर पंप लावावा लागतो.

दुसरं म्हणजे जाळी. गिझरला थंड पाण्याची नळी जिथं जोडलेली असते तिथं आत एक बारीक जाळी असते. बोअरच्या पाण्याबरोबर आलेली वाळू, टाकीतलं शेवाळ, पाइपचे कण तिथं अडकतात. पाण्याचा कॉक बंद करून नळी सोडवा, जाळी जुन्या ब्रशनं धुवा आणि परत बसवा. हे काम घरच्या घरी करता येतं. वर्षातून दोनदा केलं तर निम्म्या तक्रारी येणारच नाहीत.

तिसरं म्हणजे क्षार. बोअरचं पाणी जड असलं की तांब्याच्या नळीत आतून चुन्यासारखा थर बसत जातो. हे एका दिवसात होत नाही. दर वर्षी धार थोडी थोडी बारीक होत जाते आणि एका हिवाळ्यात गिझर पेटायचा थांबतो. नळी आतून साफ करायचं काम फिटरचं. हातशॉवरच्या बारीक भोकांतही हाच क्षार बसतो. शॉवर काढून नुसत्या नळानं गिझर पेटला तर दोष शॉवरचा.

चौथं कारण माणसांच्या सवयीचं आहे. थंडीत टाकीतलं पाणी फार गार असतं, म्हणून जास्त गरम पाणी यावं यासाठी लोक नळ बारीक करतात किंवा गिझरवरचा पाण्याचा खटका कमीवर नेतात. धार कमी झाली की पडदा सरकत नाही आणि गिझर पेटत नाही. नळ आधी पूर्ण सोडायचा, गिझर पेटू द्यायचा आणि मग धार हळूहळू कमी करायची. नुसतं एवढं केलं तरी पुष्कळ गिझर ‘दुरुस्त’ होतात.

गिझर नवीन बसवला असेल किंवा काढून परत लावला असेल, तर थंड आणि गरम पाण्याच्या नळ्यांची अदलाबदल झाली का तेही बघा. पाणी उलट्या बाजूनं आलं तर पडदा हलतच नाही.

पाणी भरपूर, सेल नवे, तरी आवाज नाही, म्हणजे डायफ्राम फाटला, पिन जाम झाली किंवा मायक्रोस्विच गेला. ही कामं खोकं उघडून करायची आहेत. फिटरला बोलवा.

टिकटिक होते, पण ज्योत लागत नाही

पाणी, स्विच आणि बॉक्स काम करतोय. आता गॅसकडं वळा.

सिलिंडर संपला नाही ना, रेग्युलेटर चालू आहे ना, नळी कुठं दुमडली-दबली नाही ना, हे आधी बघा. सिलिंडर नुकताच बदलला असेल तर नळीत हवा असते. नळ सोडा, टिकटिक थांबेपर्यंत थांबा, नळ बंद करा. एक-दोन मिनिटं जाऊ द्या आणि पुन्हा करा. दोन-तीन वेळेत पेटायला पाहिजे. प्रत्येक वेळी मधे थांबायचं. लागोपाठ नळ सोड-बंद करत बसलं तर प्रत्येक खेपेला थोडा थोडा गॅस बाहेर पडून साठतो.

सिलिंडर संपत आला आणि बाहेर कडाका असेल, तर आतल्या गॅसचा वायू होण्याचा वेगच कमी पडतो. शेगडी पेटते, गिझर पेटत नाही, असं त्यामुळं होतं. कारण गिझर शेगडीच्या एका मोठ्या बर्नरपेक्षा चार-पाच पट गॅस ओढतो. अशा वेळी सिलिंडर गरम पाण्यात ठेवणं, त्यावर गरम पाणी ओतणं किंवा जवळ शेकोटी करणं हे सगळं घातक आहे. सिलिंडर बदला.

काही घरांत एकाच सिलिंडरला टी लावून शेगडी आणि गिझर दोन्ही जोडलेले असतात. शेगडी चालू असली की गिझरला गॅस कमी पडतो. रबरी नळी मधे कापून टी लावणं गळतीलाही आमंत्रण आहे. आणि गॅस कमी येतो म्हणून हॉटेलच्या भट्टीचा जास्त दाबाचा रेग्युलेटर तर कधीच लावू नका. घरगुती गिझर घरगुती रेग्युलेटरच्या कमी दाबावर चालण्यासाठीच बनवलेला असतो.

सेल पुन्हा एकदा आठवा. अर्धवट उतरलेल्या सेलवर ठिणगी पडते, पण गॅसचा व्हॉल्व्ह उघडायला ताकद उरत नाही. म्हणजे टिकटिक ऐकू येते म्हणून सेल चांगलेच आहेत असं धरून चालू नका.

उन्हाळा-पावसाळ्यात गिझर बंद असतो. तेवढ्या काळात बर्नरच्या बारीक तोंडांत कोळी जाळं करतो, धूळ बसते. दिवाळीनंतर पहिल्यांदा गिझर चालू करण्याआधी एकदा सर्व्हिसिंग करून घेणं म्हणूनच शहाणपणाचं. ठिणगीची पिन वाकणं, तिची वायर ओलावून ठिणगी पत्र्यालाच जाणं, व्हॉल्व्ह जाम होणं हेही होतं. ते बघायचं काम फिटरचं.

पेटतो आणि लगेच विझतो

ज्योत लागते आणि काही सेकंदांत जाते, याचा अर्थ पाचव्या कडीला ज्योत दिसत नाही. पहारेकरी पिनवर काजळी बसली किंवा ती ज्योतीपासून लांब सरकली की असं होतं. पिन साफ करून जागेवर बसवली की काम होतं.

पण विझण्याचं दुसरंही कारण असू शकतं. काही मॉडेलमध्ये खोलीतला ऑक्सिजन कमी झाला की गिझर बंद करणारा सेन्सर असतो. बहुतेकांमध्ये पाणी किंवा नळी जास्त तापली की बंद करणाराही सेन्सर असतो. दार लावल्यावर गिझर विझतो आणि दार उघडं ठेवलं की चालतो, असं दिसलं तर तो बिघाड समजू नका. तो इशारा आहे.

इथंच मोठी चूक होते. ‘सेन्सर सारखा त्रास देतो’ म्हणून त्याच्या वायरी एकमेकांना डायरेक्ट जोडून दिल्या जातात. गिझर चालू होतो, घरचे खूश होतात. पण आत माणूस असताना हवा संपली तर आता गिझर थांबवणारं कुणी राहत नाही. फिटर असं करून देत असेल तर त्याला स्पष्ट नाही म्हणा आणि नवा सेन्सर टाकायला सांगा.

गिझर सुमारे वीस मिनिटांनी बंद पडत असेल तर तो बिघाड नाही. अनेक गिझरमध्ये तसा टायमरच असतो. नळ बंद करून पुन्हा सोडला की चालू होतो. मात्र वीस मिनिटं सलग गिझर चालला असेल तर आधी दार उघडून हवा येऊ द्या.

‘भप्प’ आवाज, पिवळी ज्योत, बंद न होणारा गिझर

या तीन गोष्टी दिसल्या तर घरी प्रयोग करायचे नाहीत. रेग्युलेटर बंद करा आणि फिटर येईपर्यंत चुलीवर पाणी तापवा.

पेटताना भप्प आवाज होतो, म्हणजे गॅस आधी साठतो आणि ठिणगी उशिरा पडते. आज आवाज होतो, उद्या भडका बाहेर येईल.

ज्योत निळी असावी. पिवळी, लांब, काजळी धरणारी ज्योत म्हणजे गॅस नीट जळत नाही. बर्नर घाण झाला असेल, वरच्या पत्र्यांत काजळी भरली असेल किंवा हवा कमी पडत असेल. अशा ज्योतीतून विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

नळ बंद केला तरी गिझर जळतच राहिला तर पिन किंवा व्हॉल्व्ह अडकला आहे. आतलं पाणी उकळून नळी फुटू शकते. तातडीनं रेग्युलेटर बंद करा.

काडी का लावायची नाही?

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो वर उडून जात नाही, खाली बसतो. फरशीवर, मोरीच्या कोपऱ्यात, दाराच्या उंबऱ्याआड साठतो. चार-पाच वेळा टिकटिक करून गिझर पेटला नसेल तर खाली गॅस साठलेला असू शकतो. त्यात काडी ओढली की आधी गिझर नाही, माणूसच पेटतो.

गॅसचा वास आला तर नळ बंद करा, रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा. लाइटचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका. एक्झॉस्ट फॅनसुद्धा लावू नका, त्याच्या बटणाची ठिणगी पुरते. बाहेर मोकळ्यात येऊन १९०६ या गॅस गळतीच्या हेल्पलाइनला फोन करा.

नीट पेटलेला गिझरही जीव घेतो

हे सगळ्यात महत्त्वाचं. दर हिवाळ्यात गॅस गिझरमुळं बाथरूममध्ये गुदमरून मृत्यू झाल्याच्या बातम्या येतात. त्यात गिझर बंद पडलेला नसतो. तो चालूच असतो.

हिशोब साधा आहे. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर वीस मिनिटांत साधारण ३०० ग्रॅम गॅस जाळतो. तेवढा गॅस जळायला साडेतीन ते चार घनमीटर हवा लागते. चार फूट बाय सहा फूट आणि आठ फूट उंच बाथरूममध्ये एकूण हवाच साडेपाच घनमीटरच्या आत असते. थंडी वाजते म्हणून खिडकीच्या फटीत पोतं कोंबलं, झरोक्याला पुठ्ठा लावला, तर माणूस आणि गिझर दोघंही त्याच हवेवर जगणार. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड होतो.

या वायूला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबत नाही. तो रक्तात ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, चक्कर येते, मळमळतं, पाय लुळे पडतात. कडी काढावी हे कळतं, पण हात उचलत नाही. बाहेरच्यांना वाटतं, अंघोळ चालू आहे.

म्हणून गिझर बाथरूममध्ये लावायचाच नाही. बाहेर मोकळ्या भिंतीवर, पावसापासून आडोसा करून, लावायचा आणि गरम पाण्याची फक्त नळी आत आणायची. चार-सहा फूट पाइप जास्त लागेल, तेवढाच खर्च. आज आत लावलेला असेल तर तो बाहेर काढेपर्यंत एक रीत पाळा. बाथरूमचं दार उघडं ठेवून बादल्या भरून घ्या, गिझर बंद करा आणि मग आत जाऊन अंघोळ करा. शॉवरची हौस सध्या नको. म्हातारी माणसं, लहान पोरं आणि गरोदर बाई यांच्यासाठी तर हे नक्की पाळा.

आतून कुणी उत्तर देत नसेल तर वाट बघू नका. दार तोडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन लावा. मदत करणाऱ्यानं आत जास्त वेळ थांबू नये. शुद्ध आली तरी दवाखान्यात न्यायचंच, आणि गिझर चालू होता हे डॉक्टरांना सांगायचं.

थोडक्यात लक्षात ठेवा

– टिकटिक नाही : सेल, पाण्याचा दाब, जाळी बघा.
– टिकटिक आहे, ज्योत नाही : गॅस, नळीतली हवा, पुन्हा सेल बघा.
– पेटून विझतो : आधी खोलीतली हवा बघा, मग पिन साफ करून घ्या.
– भप्प आवाज, पिवळी ज्योत, नळ बंद करूनही जळतो : रेग्युलेटर बंद, फिटरला फोन.
– दोन प्रयत्नांच्या मधे एक-दोन मिनिटं थांबा.
– काडी नाही, लायटर नाही, सेन्सरच्या वायरी डायरेक्ट नाहीत.
– घेताना आयएसआय मार्क बघा, गॅसची नळी पाच वर्षांच्या आत बदला.
– आज संध्याकाळी बाथरूमचा झरोका बघा. पोतं कोंबलेलं असेल तर काढून टाका.